पेटीसाठी पाच माणसं

देऊळघाट, जि. बुलडाणा
१६ नोव्हेंबर, रविवार

तीर्थरूप मार्तंडराव यांच्या पायी, तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे या शेषरावाचा वाकून नमस्कार. (वाकताना कमरेत कळ आली. ती चालण्याच्या सरावामुळे आली आहे, तुमच्यापुढे वाकावं लागलं म्हणून नव्हे.)

तुमची प्रकृती कशी आहे? साखर ताब्यात आहे ना? तुमच्या शंतनूने व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्या एकाहत्तराव्या वाढदिवसाचा फोटो टाकला होता. त्यात तुमच्यासमोर केक आहे आणि तुम्ही त्या केकवर पहारा द्यायला बसवल्यासारखे बसला आहात, त्यावरून पथ्य चालू असावं असा अंदाज बांधला. मिशी पांढरीच ठेवलीत हे फार बरं केलं, काळी करायचात तेव्हा ती दुसऱ्या कोणाची वाटायची. बंगळूरची हवा मानवली असेल. हे सगळं खरं तर फोनवर विचारायचं, पण दर रविवारी सकाळी नऊला मी तुम्हाला फोन लावतो आणि तुम्ही तो उचलत नाही. त्या फोनवर जे भजन वाजतं ते मला आता पाठ झालं आहे, फक्त तिसऱ्या कडव्याला कंपनी फोन कापते, त्यामुळे पुढे काय होतं ते कळलेलं नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही रजिस्टर. एकतीस वर्षं पोस्टात काढल्यामुळे मला ठाऊक आहे की रजिस्टर पत्र परत पाठवायचं तर पोस्टमनला कारण सांगावं लागतं, आणि परक्या माणसाला कारणं सांगत बसायचा तुमचा स्वभाव नाही.

तुम्ही का बोलत नाही हे आपल्या दोघांनाही माहीत आहे, तेव्हा मी त्यावर पांघरूण घालत नाही. गेल्या वर्षी एकोणीस मेला सकाळी अकरा वाजता प्रतिमा गेली. तुम्ही बंगळूरहून पुण्यापर्यंत विमानाने आणि तिथून रात्रभर टॅक्सीने आलात, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला दारात उभे राहिलात, आणि तुम्हाला बहिणीचं तोंड पाहायला मिळालं नाही. आम्ही आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर सगळं उरकून टाकलं होतं. तुम्ही पाणीसुद्धा न घेता परत गेलात, तेराव्यालाही आला नाहीत, त्याला आता अठरा महिने झाले. गावाने तेव्हा जे सांगितलं तेच मीही सांगत आलो, की बेचाळीस डिग्रीचं ऊन, गावात ठेवायची सोय नाही, थांबणार कसं? त्याने तुमचा राग गेला नाही. तो जावा एवढ्यासाठी मी हे पत्र लिहितो आहे. पुढे जी गंमतजंमत लिहिली आहे ती तुम्ही मध्येच कागद खाली ठेवू नये म्हणून आहे.

तर सांगायची गोष्ट म्हणजे, तीच सोय आता गावात येऊ घातली आहे. आमच्या गावचे माणिकराव तुम्हाला आठवतील, डोणगावला त्यांचं बियाण्याचं मोठं दुकान आहे. (आमच्या लग्नात पंगतीत तुमच्या पांढऱ्या सदऱ्यावर ज्यांच्या हातून कढी सांडली, तेच.) आमच्याकडे आता दर चौथ्या घराचं पोरगं पुण्याला नाहीतर त्याहून लांब गेलेलं असतं, आणि म्हातारी माणसं मात्र लेकरांच्या सुट्टीची वाट न बघता मरतात. म्हणून माणिकरावांनी डोणगावसाठी एक शीतपेटी आणली. विजेवर चालते, वर काच असते, लांबचं माणूस पोहोचेपर्यंत गेलेल्या माणसाला नीट ठेवते. आमच्याकडे तिला नुसतं ‘पेटी’ म्हणतात, शीत म्हणायला लोकांना थंडी वाजते. दसऱ्याला ते गावात आले, तेव्हा आम्ही म्हटलं की अशी एक आपल्या जन्मगावालाही द्या. ते म्हणाले, देतो. पण मागे त्यांनी गावाला पाण्याचा कूलर दिला होता, त्यात सध्या कोंबडी अंडी घालते. म्हणून त्यांनी अट घातली. पेटीची काळजी घेणारी पाच माणसं दाखवा, आणि ती फोनवर दाखवू नका. देऊळघाटहून डोणगावला माझ्या दुकानापर्यंत चार दिवसांत पायी येऊन दाखवा, वाटेतल्या गावांना पेटीबद्दल सांगत या, म्हणजे तिथलंही कोणी पुढे येईल. पाच आले तर पेटी, चार आले तर चहा. अंतर शंभर किलोमीटर, निघायचं सात डिसेंबरला. आणि मार्तंडराव, एकतीस वर्षांच्या नोकरीत ज्याने सभेत कधी तोंड उघडलं नाही तो मी, उभा राहून म्हणालो की माणसं मी जमवतो.

माणसं जमवणं म्हणजे काय असतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. मी पहिल्यांदा काय केलं, तर आजकाल सगळे करतात तसा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप काढला. एका संध्याकाळी त्रेचाळीस जण आत आले. कोणी अंगठा दाखवला, कोणी हात जोडले, कोणी पेटीला हार घातल्याचं चित्र पाठवलं (पेटी अजून यायची होती). मी लिहिलं की सकाळी सहाला वेशीपाशी जमा. त्यावर अडतीस अंगठे आले. सहाला वेशीपाशी मी आणि एक कुत्रं होतं, आणि कुत्रं ग्रुपमध्ये नव्हतं. सात वाजता सगळ्यांचे सुप्रभात आले. तेव्हा मी ठरवलं की टपाल जसं वाटायचो तसं घरोघर जाऊनच माणूस मिळेल, आणि पहिलं घर शेजारच्या पुंजाजीचं धरलं.

पुंजाजी चालायला लगेच तयार झाला. पायी म्हटलं की शेगाव, एवढंच त्याला ठाऊक, त्यामुळे त्याने पिशवीसुद्धा काढली. पेटीचं ऐकल्यावर मात्र त्याने ती परत खुंटीला लावली. म्हणाला, “म्हंजे आपल्या पायानं शंभर किलोमीटर जायाचं, आन् आपलंच बिस्तर घेऊन याचं? पागल झाला का बे शेषराव?” मी त्याला समजावलं की ही सगळ्या गावासाठी आहे. तेच तर त्याचं दुखणं होतं. सगळ्या गावासाठी आली तरी उद्घाटन कोणातरी एकाच्या हातून (हातून म्हणणं बरोबर नाही, पण तुम्हाला कळलं) व्हायचं, आणि आणायला जे पाच जाणार, त्यांच्यावर तिची नजर आधी पडणार, असं त्याचं म्हणणं. दोन दिवस तो माझ्या अंगणावरून जाताना मान दुसरीकडे करून गेला. शेवटी त्याने तोड काढली. पहिला नंबर कोणाचा ते कागदावर लिहून दे म्हणाला. मी लिहून दिलं की सदर पेटीचा पहिला वापर श्री. शेषराव करतील, त्याबद्दल अन्य कोणाची जबाबदारी नाही, आणि खाली तारीख घातली. पुंजाजीने साक्षीदार म्हणून सही केली, कागद घडी करून बंडीच्या खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी वेशीपाशी हजर झाला. अर्धा कोस माझ्या बाजूने चालला. मग समोर बघतच म्हणाला, “पन तू एवढ्यात घाई नको करू.” बऱ्याच दिवसांत मला कोणी असं काही म्हटलं नव्हतं, त्यामुळे मी बुटाची नाडी बांधायला खाली बसलो. (नाडी सुटलेली नव्हती.)

तिसरा माणूस गोपाल गुरुजी. शाळेत कवायत शिकवायचे, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी शिट्टी गळ्यात असते. त्यांचा आग्रह असा की शरीर तापवल्याशिवाय चालणं म्हणजे स्नायूंशी वैर. त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं (दोघांची रांग), आणि मान, खांदे, मनगटं, कंबर, गुडघे, घोटे असं वरून खाली तापवायला घेतलं. घोट्यांपर्यंत येईतो आठ वाजायचे, ऊन चढायचं, मग गुरुजी शिट्टी वाजवून सुट्टी द्यायचे. पहिले आठ दिवस आम्ही एक पाऊलही पुढे टाकलं नाही, तरी रोज दमून घरी आलो. नवव्या दिवशी ही कवायत चालू असताना जनकाबाई डोक्यावर गाठोडं घेऊन शेताकडे निघाली होती. ती थांबली, आमच्याकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं की हे काय चालू आहे. गुरुजी म्हणाले, चालण्याचा सराव. त्यावर ती म्हणाली, “चालाची प्रॅक्टिस? मंग जेवाची कवा करता?” तिला सगळी हकीकत सांगितली. तिचं शेत चार किलोमीटरवर, जायचं यायचं रोज पायी, त्यामुळे शंभर किलोमीटरचं तिला काही वाटलं नाही. पेटीचं मात्र तिने दोनदा विचारलं, की काचेतून तोंड दिसतं का? दिसतं म्हटल्यावर म्हणाली, “मंग मी येते. माही पोरगी सुरतेले हाये. तिले मायं तोंड दिसलं पाह्यजे, बस.” असा एका वाक्यात चौथा माणूस मिळाला. तिच्यामागे चालायला पुंजाजीला आधी कमीपणा वाटत होता. तीन दिवसांत त्याची ती अडचण दूर झाली, कारण मागे चालायचं तर ती आधी दिसायला हवी. आम्ही पोहोचेपर्यंत ती लिंबाखाली एक झोप काढून उठलेली असते.

सुरुवातीचे ते दिवस सरले, आता हे सगळे जमतात फक्त रविवारी. बाकी सहा दिवस ज्याचं त्याला काम असतं, मला काही नसतं, म्हणून मी रोज एकटाच चालतो, आणि खरी फजिती तिथे झाली. गुरुजींनी सांगितलं होतं की पाठीवर वजन घेऊन चाला. वजन म्हणून मी दहा किलो ज्वारी घेतली. पुंजाजीने ते पाहिलं आणि त्याच्या घरची ज्वारी दिली, की फुकट वजन कशाला वाहतोस, जाताजाता चक्कीवर टाक. ते गल्लीत पसरलं. आता मी गल्लीचं दळण नेतो आणि आणतो, आणि कोणाचं पीठ जाडं आलं तर मला बोलणी खावी लागतात. (नाही म्हणायची सवय पोस्टात लागली नाही. टपाल घेतलं की ते पोहोचवायचंच.) तर एका गुरुवारी असा पाठीवर बोचकं, हातात काठी, अंगात पांढरा सदरा-पायजमा घालून मी बुलडाण्याच्या रस्त्याने निघालो. चार-पाच किलोमीटरवर रस्त्याच्या वर एक शेतातलं घर आहे, तिथे रुखमाबाई म्हणून एक ऐंशीच्या आसपासची बाई राहते. तिने हाक मारली, ओट्यावर बसवलं, फोडणीचे पोहे दिले, वर चहा दिला, आणि सगळं माझ्या पोटात गेल्यावर विचारलं, “शेगावले जाऊन राह्यले नं?” मार्तंडराव, तुम्हीच सांगा. कोणाचे पोहे खाऊन झाल्यावर माणूस नाही कसं म्हणणार? मी हो म्हणालो. तिने माझ्या, म्हणजे तिच्या मुलाच्या वयाच्या माणसाच्या, पायाला हात लावला आणि एक नारळ माझ्या पिशवीत घातला, की महाराजांच्या पायापाशी ठेव आणि माझ्या उजव्या गुडघ्याचं सांग.

शेगाव तिथून सत्तर किलोमीटर, आणि मला तर पुढच्या पुलावरून परत फिरायचं होतं. पण परत फिरलो की तिच्या घरासमोरून यावं लागणार, नारळ पिशवीत, पोहे पोटात. म्हणून मी रस्ता सोडून खाली नाल्यात उतरलो आणि काट्याकुट्यातून तीन किलोमीटरचा वळसा घालून घरी आलो. (गुरुजींनी वहीत लिहिलं, अंतरात समाधानकारक वाढ.) दुसऱ्या दिवशी रुखमाबाईचा चहा झाल्यावर पुढच्या वस्तीवर एकाने थांबवलं, चहा आणि नारळ. तिसऱ्या दिवशी आणखी दोन. मग वाटेवरच्या लोकांनी आपसांत हिशेब जुळवला, की हा माणूस रोज सकाळी शेगावच्या दिशेने जाताना दिसतो, येताना कधीच दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा हजर. म्हणजे हा रोज शेगावला जाऊन येतो, आणि तेही कोणाला न दिसता. पंधरा दिवसांत मी सिद्धपुरुष झालो. एका माणसाने नवी मोटारसायकल आणून माझ्याकडून तिच्यावर हात फिरवून घेतला. घरात अकरा नारळ जमले. त्यांच्याबरोबर निरोपही होते, गुडघ्याचा, पोरीच्या लग्नाचा, हरवलेल्या गोऱ्ह्याचा, एकाचा फक्त “त्याले सांगा, मी आठवन काढतो” एवढाच. मी ते चिठ्ठ्यांवर लिहून ज्याच्या त्याच्या नारळाला चिकटवले.

शेवटी एका गुरुवारी मी अकरा नारळ पोत्यात घालून शेगावची एसटी धरली. कंडक्टरने विचारलं, काय बाबा, दुकान टाकता का? तिथे जाऊन एकेकाचा नारळ ठेवला, एकेकाचं नाव घेऊन निरोप सांगितला, एकही चुकू दिला नाही. परत येताना खामगाव ओलांडल्यावर लक्षात आलं की स्वतःचं काही मागायचं राहूनच गेलं. आणि काय मागायचं होतं ते आठवायला गेलो, तर ते म्हणजे तुम्ही एकदा बोलावं, एवढंच निघालं. पण महाराजांना बंगळूरचा फोन नंबर सांगणं काही बरं दिसलं नसतं. दुसऱ्या दिवशी सरळ रुखमाबाईच्या ओट्यावर गेलो आणि कबूल केलं, की आजी, मी शेगावचा वारकरी नाही, तुमचे पोहे खाऊन मी खोटं बोललो, नारळ पोहोचला पण एसटीने पोहोचला. तिला काहीच नवल वाटलं नाही. म्हणाली, “मले पह्यल्याच दिवशी ठाव होतं. नाल्यातून जाऊन राह्यला ते वरतून दिसते नं.” मग रोज चहा का द्यायचात विचारलं, तर म्हणाली, “मानूस एकटाच येते, एकटाच जाते. म्हटलं, चहा तं पेईन.” असं म्हणून तिने कप पुढे केला.

मार्तंडराव, तुमच्यापासून काय लपवायचं, मला फार एकटं वाटतं. आम्हाला मूलबाळ नाही हे तुम्हाला माहीत आहे. प्रतिमा होती तोवर घरात दोन माणसं आहेत असं कधी वाटलं नाही, सात-आठ असावीत असा आवाज असायचा. तुम्हाला तिचा आवाज माहीत आहे, दुधवाल्याशी दोन शब्द बोलली तरी चौकातल्याला भाव कळायचा. आता सकाळी दळण पोहोचवलं की संध्याकाळपर्यंत मी एक शब्द बोलत नाही असे दिवस जातात. मध्ये एकदा दुकानात साबण मागायला तोंड उघडलं तर आवाजच निघाला नाही, खाकरावं लागलं. वरण एका माणसाचं होत नाही, कितीही कमी घातलं तरी उरतं. चालायला लागल्यापासून निदान पाय दुखतात, आणि पाय दुखतात हे पुंजाजीला सांगता येतं, मग तो त्याचे सांगतो. चार दिवस चार रात्री माणसांबरोबर चालायला, जेवायला, एका खोलीत घोरायला मिळणार, याचंच मला इतकं अप्रूप आहे की पेटी हे निमित्त आहे की काय अशी शंका मला स्वतःलाच येते. पण निमित्त नाही, ती पेटी मला खरोखर हवी आहे.

तर अशी ही हकीकत. सात डिसेंबरला तीन आठवडे उरले आणि आम्ही चारच आहोत. पाचव्यासाठी मी गाव पालथं घातलं. एकाने विचारलं, सर्टिफिकेट मिळेल का. दुसरा म्हणाला, मी मागून मोटारसायकलवर येतो, धीर द्यायला. तिसऱ्याच्या बायकोने मला पाहताच दार लावून घेतलं, पेटीवाला आला म्हणून. (पूर्वी मनिऑर्डर घेऊन जायचो तर याच बाईने मला लाडू दिले होते.) चारावर थांबलो तर चहाच मिळणार, आणि पेटी माणिकराव दुसऱ्या गावाला देणार. शंतनुला आशीर्वाद, गार्गी सूनबाईंना नमस्कार, नातवाला पापा. साखर सांभाळा. पत्रात काही कमीजास्त लिहिलं गेलं असेल तर ते चालण्याच्या श्रमामुळे, असं समजून घ्यावं.

तुमचा,
शेषराव

ता.क. पाचवे तुम्ही याल का? हे वर लिहायला हवं होतं, पण तिथपर्यंत येईतो धीर झाला नाही. माणिकरावांना विचारून ठेवलं आहे. गावचाच माणूस हवा, पण गावच्या सुनेचा भाऊ चालेल असं त्यांनी सांगितलं. तुमच्या वयाची काळजी नको. गुरुजींचा नियम आहे की सगळ्यात हळू चालणाऱ्याने पुढे राहायचं, त्यामुळे जनकाबाईच्याही पुढे राहण्याचा मान गावात फक्त तुम्हाला मिळेल. बिनसाखरेचा चहा सगळीकडे सांगून ठेवतो. शेगाव स्टेशनवर उतरा, मी घ्यायला येतो. बोलायचं नसेल तर चार दिवस बोलू नका, नुसतं बाजूने चाला.

ता.क. २ (सोमवार सकाळ). पाकीट रात्री चिकटवलं नव्हतं हे एक बरं झालं. आत्ता पुंजाजीची सून सुवर्णा येऊन गेली. ती आशा वर्कर आहे, म्हणाली, नाहीतरी घरोघरी हिंडून रोज तेवढं चालणं होतंच, माझं नाव लिहा. म्हणजे पाच झाले. पेटी येणार. वरच्या ता.क.ला आता काही कारण उरलं नाही, कागदाचा तेवढा भाग फाडून टाकावा असं मनात आलं होतं. फाडला नाही. माणसं पुरेशी आहेत, मार्तंडराव. तरी या.

ता.क. ३. तुम्ही या म्हणून लिहिलं, तर हे सांगितल्याशिवाय पाकीट बंद करता येत नाही. त्या दिवशी गावात पेटी नव्हती हे खरं, पण बर्फ होता. दुपारी एक वाजता पुंजाजी टेम्पो काढून दारात उभा होता, बुलडाण्याहून आठ लाद्या आणतो म्हणाला, लग्नसराईत आणतात तशा, सकाळपर्यंत सहज निभलं असतं. मीच नको म्हणालो. गावाने उन्हाचं नाव सांगितलं ते मला वाचवायला. प्रतिमाला गारठा सोसायचा नाही हे तुम्हाला माझ्याआधीपासून माहीत आहे. फ्रीजमधलं भांडं ती पदराने धरायची, चैत्रातही पहाटे नळाला जाताना कानाला रुमाल बांधायची. तिला बर्फावर निजवायचं माझ्याने होईना. मेलेल्या माणसाला गार लागत नाही हे मला तेव्हाही कळत होतं. तुम्ही वाटेत आहात हेही कळत होतं. तरी मी पुंजाजीला परत पाठवलं, आणि तुमची बहीण तुम्हाला न दाखवता नेली. एकदा गावात पेटी आली की ती सरळ दारात आणतात, नवऱ्याला कोणी विचारत बसत नाही.